मे महिन्यात तेल, ऑगस्टमध्ये पाणी

प्रोबचा सूर बदलला तेव्हा मला वाटलं, बॅटरी गेली. पिझोमध्ये, म्हणजे भूजल मोजायला बोअरमध्ये पाइप बसवून केलेल्या बारीक विहिरीत, टेप सोडत गेलं की तिच्या टोकाचा आमचा प्रोब आधी गप्प असतो आणि पाण्याला टेकला की तुटक पीप-पीप करायला लागतो. त्या दिवशी पाच मीटरच्या जरा खाली गेल्यावर त्याने सलग टूंऽऽ असा सूर धरला आणि आणखी चार बोटं सोडल्यावर मग पीप-पीप. सलग सूर म्हणजे तेल. टेप वर ओढली, टोक पुसलं, पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

"मिस्त्री, यात काही सांडलंय का?"

"मॅडम, तुम्ही आल्यापासून आम्ही इथं चहापण लांब बसून पितोय," बोअर मारणारे मिस्त्री म्हणाले. त्यात राग होता, आणि तो रास्त होता. मागचे आठ दिवस मी त्यांना भंडावून सोडलं होतं.

मग पारदर्शक बेलर सोडला. बेलर म्हणजे दोरीला बांधलेली, तळाशी गोळीची झडप असलेली लांब नळी. वर आली तेव्हा खाली गढूळ पाणी आणि त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा थर. उन्हात धरला तर कडेने हिरवट झाक मारत होता. जुनं डिझेल. या विहिरीचं नाव पी-५. प्लॉटच्या पूर्व कडेला, शेजारच्या सोसायटीच्या भिंतीला लागून. आम्हाला जिथे तेल सापडेल असं वाटत होतं, त्याच्या अगदी उलट टोकाला.

प्लॉट ठाण्यातला. वागळे इस्टेट म्हणजे १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथून फार लांब नाही, एवढंच सांगते. इथे फोर्जिंगचा कारखाना होता, तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. शेडचे पत्रे गेले होते, मशिनं भंगारात गेली होती, उरले होते फाउंडेशनचे ठोकळे आणि त्यात उगवलेले पिंपळ. जागा बिल्डरने घेतली होती. दोन बेसमेंट आणि वर टॉवर असा बेत. पैसे घालणाऱ्या संस्थेने अट टाकली की आधी जमिनीची तपासणी करा. आमच्याकडे अशी कामं बहुधा अशाच अटीतून येतात. दूषित जागांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आले २०२५ च्या जुलैत. ही गोष्ट त्याच्या काही वर्षं आधीची.

काम सुरू होतं कागदांपासून. कारखान्याचे जुने नकाशे एका ट्रंकेत मिळाले, अमोनिया प्रिंटवाले, घडीवर फाटलेले. त्यात उत्तरेला भट्ट्या आणि भट्ट्यांसाठी फर्नेस ऑइलच्या दोन उभ्या टाक्या, भोवती बंधारा. शेजारी क्वेंचिंगचे हौद, म्हणजे लालभडक लोखंड तेलात बुडवून थंड करायची जागा. मी आणि सरांनी त्यावर लाल पेन्सिलने गोल काढले आणि दहापैकी सहा बोअर तिथेच टाकायचे ठरवले. उरलेले चार प्लॉटभर विखुरले, "आपलं असावं म्हणून". पी-५ त्यातलाच एक. तो तिथे घेण्यामागे शास्त्र एवढंच की येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, भूजल वाहत असणार. तेव्हा प्लॉटमधून बाहेर पडणारं पाणी एका तरी ठिकाणी तपासलेलं बरं.

बोअरवाले मूळचे भूतांत्रिक कामाचे. पाया किती खोल घ्यायचा हे सांगण्यासाठी ते बोअर मारतात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा आणि चमचा, म्हणजे माती वर आणणारी पोकळ नळी, किती ठोक्यांत आत जातो ते मोजायचं. त्यात त्यांचा हात बसलेला. पण त्या कामात माती फक्त घट्ट की सैल एवढंच बघायचं असतं. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावलं, इंजिनात डिझेल भरून हात फडक्याला पुसले आणि त्याच हाताने नमुना काढला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. आमचं सगळंच बिघडतं. आम्ही दहा लाखांत पन्नास भाग तेल शोधतोय आणि मिस्त्रींचा पोऱ्या रॉडला मूठभर ग्रीस चोपडतोय, हे पहिल्या सकाळी बघितलं आणि मी काम थांबवलं.

"ग्रीस नाही लावलं तर आटे धरतील मॅडम. रॉड आत अडकला तर भरून कोण देणार?"

शेवटी नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप आणली. मिस्त्रींनी ती दोन बोटांत धरून अशी बघितली, जशी कुणी लग्नात कागदाची पत्रावळ वाढल्यावर बघावी. पण वापरली. डिझेलचा कॅन प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. डिझेल भरणारा पोरगा वेगळा, नमुन्याला हात लावणारा वेगळा. चमचा प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुवायचा, मग साध्या, मग डिस्टिल्ड. खडक लागल्यावर बोअरिंगला पाणी लागतं, ते टँकरने आलं, तर त्या टँकरच्या पाण्याचीही बाटली भरली. "पाण्याची पण तपासणी?" पोऱ्याने विचारलं. मी म्हटलं, उद्या विहिरीत काही निघालं तर आधी टँकरवर ढकलतील. हे मी गमतीत म्हटलं होतं.

मातीचे थर ठाण्यात बहुतेक ठिकाणी असतात तसे. वर दीड-दोन मीटर भराव: विटांचे तुकडे, भट्टीची राख, लोखंडाची खपली. मग मुरूम. चार-साडेचार मीटरला मांजऱ्या, म्हणजे हाताने फुटेल असा कुजका खडक, आणि सातच्या पुढे काळा कातळ. माती वर आली की लगेच फोडायची. जी बाहेरची, चमच्याला घासलेली, ती टाकून द्यायची आणि गाभ्यातली घ्यायची. थोडी झिपलॉकच्या पिशवीत अर्धी भरून बंद करायची, दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवायची आणि मग पिशवीला टोचून वाफ मोजायच्या यंत्राची चोच आत घालायची. त्याला आम्ही पीआयडी म्हणतो. पेट्रोल असेल तर ते ओरडतं. फर्नेस ऑइलला मात्र ते जवळजवळ दाद देत नाही, कारण फर्नेस ऑइल जड, त्याची वाफच फार होत नाही. म्हणून बरणीत पाणी घेऊन माती टाकायची आणि हलवून बघायची, वर इंद्रधनुष्य येतं का.

नाकाने वास घ्यायचा नाही असा नियम आहे. पेट्रोलमधल्या बेंझीनने कर्करोग होतो, त्यात शंका नाही. तरीही या कामातल्या प्रत्येकाचं नाक आधी पोचतं आणि यंत्र नंतर, हे खासगीत सगळे कबूल करतात.

उत्तरेकडचे सहा बोअर आमच्या अंदाजाबरहुकूम निघाले. भंगारवाल्यांनी टाक्या कापताना तळातला गाळ तिथेच ओतला होता. वरचं मीटर-दीड मीटर डांबरासारखं काळं, बुटाच्या तळाला चिकटणारं. पण खाली मुरूम स्वच्छ. फर्नेस ऑइल इतकं दाट की थंडीत त्याला वाफेने गरम करून पंपावं लागतं; ते जमिनीत फार लांब जात नाही. दिसायला भयंकर, पण खणून काढलं की संपलं. आम्ही खूश होतो. अहवाल मनात लिहून झाला होता.

पी-५ ने तो फाडला. आणि मौज म्हणजे त्याच बोअरमधली दोन मीटरवरची माती साफ होती. तीन मीटरवरची साफ. चार मीटरच्या पुढे करडी, ओलसर, आणि तिथून वास. याचा अर्थ लावायला पदवी लागत नाही: वरून सांडलं असतं तर वरची माती आधी बरबटली असती. हे बाजूने आलं होतं, पाण्याच्या डोक्यावर बसून. पण कुठून? पी-५ च्या पश्चिमेला नकाशात काहीही नव्हतं. एक मोकळं काँक्रीटचं आवार, कोपऱ्यात कँटीन.

पाण्याच्या नमुन्यांबद्दल थोडं सांगते, कारण मला स्वतःला कामाचा हाच भाग सगळ्यात आवडतो आणि पगार ठरवणाऱ्यांना सगळ्यात कमी दिसतो. उडून जाणाऱ्या घटकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. तिच्यात आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकलेले असतात, म्हणजे जंतू तेल खाऊन टाकत नाहीत. कुपी तिरकी धरून कडेने पाणी सोडायचं, फेस होऊ द्यायचा नाही आणि आम्ल बाहेर सांडेल इतकं भरायचंही नाही. शेवटी तोंडावर पाण्याचा फुगवटा आला पाहिजे, मोठा थेंब ठेवल्यासारखा. त्या फुगवट्यावर झाकण सरकवून फिरवायचं. मग कुपी उलटी करून नखाने टिचकी मारायची. बुडबुडा वर गेला तर बेंझीन त्या बुडबुड्यात जातं आणि लॅबला साफ पाणी मिळतं. पुन्हा नवीन कुपी. मे महिन्याच्या ठाण्यात, दोन थर हातमोज्यांच्या आत घामाचं तळं झालेलं, कपाळावरचा थेंब कुपीत पडू नये म्हणून मान मागे, आणि शेजारी मिस्त्री उभे: "मॅडम, पाणीच आहे ना शेवटी?" त्या दिवशी पी-२ च्या तीन कुप्यांसाठी मी अकरा वाया घालवल्या.

पी-५ चं पाणी मात्र पाठवलं नाही. विहिरीत तेलाचा थर असला की खालच्या पाण्याचा नमुना घेण्यात अर्थ नसतो, बेलर वर येताना तेलाला घासूनच येतो. पाठवायचं ते तेलच. त्याच्या क्रोमॅटोग्रामवरून, म्हणजे तेलातले घटक सुटे करून दाखवणाऱ्या आलेखावरून, ओळख पटते. ताज्या डिझेलचा आलेख कंगव्यासारखा दिसतो, ओळीने उभे दात. वर्षानुवर्षं जमिनीत पडलं की जंतू आधी सरळ साखळीचे रेणू खातात, दात झिजत जातात आणि खाली उंटाच्या पाठीसारखा उंचवटा उरतो. आमच्या आलेखात दात जवळजवळ नव्हतेच. म्हणजे हे काल-परवा कुणी सांडलेलं नव्हतं, मिस्त्री सुटले. प्रयोगशाळेने बेंझीन नगण्य सांगितलं, नॅफ्थलीन होतं. साडेचार मीटरवरच्या मातीत किलोला ६,८०० मिलिग्रॅम पेट्रोलियम हायड्रोकार्बन. त्या वेळी आपल्याकडे मातीतल्या तेलाला स्वतःचा असा आकडा वापरात नव्हता, म्हणून आम्ही सगळे डच लोकांचा लावायचो: मातीत खनिज तेल किलोला ५,००० मिलिग्रॅम, भूजलात लिटरला ६०० मायक्रोग्रॅम, त्याच्या वर गेलं की हस्तक्षेप करा. समुद्राखालची जमीन राखणाऱ्या देशाचा आकडा सह्याद्रीच्या मुरुमाला लावायचा, हे मला तेव्हाही खटकायचं. पण काही तरी पट्टी लागतेच.

बैठकीत बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर शांतपणे सगळं ऐकत होते. सात सेंटिमीटर तेल या शब्दांवर त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अख्ख्या प्लॉटखाली सात सेंटिमीटर?" नाही, असं नसतं. विहीर ही मोकळी नळी. तिच्यात तेल जमून जाड दिसतं, बाहेर मुरुमाच्या छिद्रांत ते पाण्याबरोबर वाटून घेऊन बसलेलं असतं. विहिरीतल्या जाडीवरून जमिनीतलं तेल मोजणं म्हणजे खिडकीतून आलेल्या फोडणीच्या वासावरून भाजी किती केली ते सांगणं. पण त्यांना खरी चिंता वेगळी होती आणि ती बरोबर होती. दोन बेसमेंट म्हणजे सात-आठ मीटर खोल खड्डा, खड्डा कोरडा ठेवायला दिवसरात्र पंप. पंप चालू झाला की आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जाणार आणि त्यावरचं तेलही. ते पाणी जाणार नाल्यात, नाला खाडीत.

"पावसाळा होऊ द्या," ते म्हणाले. "मग पुन्हा एकदा मोजू. एका रीडिंगवर एवढा मोठा निर्णय नको."

मागणी गैर नव्हती. दोन ऋतूंत मोजावं असं आम्हीच प्रस्तावात लिहिलं होतं.

मधल्या काळात शेजारच्या सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी तपासायचं होतं. सेक्रेटरींनी आधी हो म्हटलं, मग कमिटीला विचारतो म्हणाले, मग फोन उचलेनात. शेवटी गाठले तेव्हा दार अर्धं उघडून म्हणाले, "अहो, वास-बीस काही नाही. तुम्ही बाटली घेऊन फिरताना लोकांनी पाहिलं तर फ्लॅटचे भाव काय होतील?" रात्री नऊनंतर, लॉबीत कुणी नसताना, मी त्यांच्या पंपावरून नमुना घेतला. पाण्यात काही निघालं नाही. त्यांची बोअर खोल कातळातली, वरच्या मुरुमात केसिंग घातलेली होती. त्यांना कळवलं तेव्हा त्यांनी लेखी मागितलं. लेखी दिल्यावर ते लॉबीत लावलं.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा प्लॉट ओळखू येत नव्हता. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो चार महिन्यांत. कमरेएवढं गवत, फाउंडेशनच्या खड्ड्यांत बेडूक. पीआयडी दमटपणाने वेडं झालेलं, हवेतच आकडे दाखवत होतं. पी-५ चं झाकण उघडलं, टेप सोडली. एक मीटर सत्तर सेंटिमीटरला पीप-पीप.

सरळ पीप-पीप. सलग सूर नाही. बेलरमध्ये निव्वळ पाणी. इंद्रधनुष्यसुद्धा नाही.

या खेपेला तेल नसल्याने पाणीच लॅबला पाठवता आलं. आकडा आला लिटरला ४०० मायक्रोग्रॅम. डच रेषेच्या खाली.

दुसऱ्या बैठकीत पेढे होते. प्रोजेक्ट मॅनेजरांचं म्हणणं असं: पहिल्या वेळी काही तरी गडबड झाली, बोअरिंगच्या मशिनचं तेल असेल, पावसाने ते धुऊन गेलं, अहवालात ताजं रीडिंग द्या. मी टँकरच्या पाण्याची बाटली आठवली. ती साफ निघाली होती, ग्रीस आम्ही वापरलं नव्हतं, आणि आलेखावरचा उंट काही मशिनमधून आला नव्हता. पण हे सगळं बोलूनही एक प्रश्न उरत होता: तेल गेलं कुठे?

रात्री घरी पी-५ चा आराखडा काढून बसले आणि माझीच चूक दिसली. पिझोच्या पाइपला ठरावीक उंचीत बारीक चिरा असतात, तिथूनच पाणी आत येतं. त्याच्या वर सगळा बंद पाइप, भोवती बेंटोनाइटचं, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं, बूच. मी चिरा तीन ते आठ मीटर ठेवल्या होत्या. मे महिन्यात पाणी पाच मीटरला, चिरांच्या बरोबर मध्ये, म्हणून तेल सहज आत आलं. ऑगस्टमध्ये पाणी पावणेदोन मीटरला. चिरा संपूर्ण बुडालेल्या. वर तरंगणाऱ्या तेलाला आत यायला दारच नव्हतं. शिवाय पाणी चढताना जे तेल मुरुमाच्या छिद्रांत अडकतं ते तिथेच थेंब-थेंब होऊन बुडून राहतं, पाण्याबरोबर सगळं वर येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा ओघळून एकत्र येतं. म्हणजे तेल जिथल्या तिथे होतं. मी खिडकी खालच्या मजल्यावर ठेवून वरच्या मजल्यावर कुणी नाही म्हणत होते. ठाण्यात पाणी किती चढतं हे मला माहीत असायला हवं होतं; मी सांगलीची असले तरी दहा वर्षं इथे राहते.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही रीडिंग जातील, आणि तुझ्या चिराही अहवालात जातील." त्या वाक्यातला दुसरा भाग मला आवडला नाही, पण त्यानेच अहवालाला वजन आलं. पैसे घालणाऱ्या संस्थेने तो वाचला आणि पुढचं काम लावलं: पी-५ शेजारी उथळ विहीर, आणि तेलाचा उगम शोधा.

उगम शोधून दिला वॉचमन मामांनी. म्हणजे त्यांनी एका काकांना बोलावलं. काका याच कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते, मागच्या चाळीत राहतात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री. गेटातून आत येताना क्षणभर थांबले आणि डावीकडे बघितलं, जिथे पूर्वी पंचिंगचं घड्याळ असणार. मी नकाशा पुढे केला तर बघितलाच नाही. सरळ कँटीनच्या आवारात जाऊन उभे राहिले.

"इथं पंप होता. कंपनीच्या गाड्यांचा. डिझेलचा. पेट्रोल पंपावर असतो तसाच, आपला स्वतःचा."

"आणि टाकी?"

"टाकी खाली. मी उभा आहे ना, हिच्या पोटावरच उभा आहे."

मिळालेल्या नकाशांत ती नव्हती, कारण ते नकाशे तिच्या आधीचे होते. पंप काढल्यावर वरून काँक्रीट ओतलं, बस. मी विचारलं, गळत होती का? काका हसले. "गळते असं कोण म्हणेल? चोरी होते असंच म्हणायचे." स्टोअरकीपर रोज सकाळी पितळी डिप रॉड टाकीत सोडून डिझेल मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. रजिस्टर आणि डिप कधी जुळायचे नाहीत. उन्हाळ्यात फार कमी भरायचं. ड्रायव्हरांवर संशय. एका ड्रायव्हरला चौकशी करून घरी बसवलं. मग डिप सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा घ्यायला लागले.

"आणि पावसाळ्यात?" मी सहज विचारलं.

"पावसाळ्यात उलटं. पावसाळ्यात डिझेल वाढायचं."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. त्यांना वाटलं माझा विश्वास बसत नाही. "खरंच सांगतो ताई. रजिस्टरपेक्षा डिप जास्त. वर गाड्या रस्त्यात बंद पडायच्या, फिल्टरमध्ये पाणी. ड्रायव्हर बोंबलायचे, साहेब म्हणायचे तुमची नाटकं."

टाकीचा तळ तीन मीटरला असेल तर ऑगस्टमध्ये ती सव्वा मीटर पाण्यात उभी. भोकातून पाणी आत. उन्हाळ्यात पाणी पाच मीटरला गेलं की डिझेल बाहेर. माझ्या पी-५ ने एका वर्षात जे दाखवलं ते ही टाकी कितीतरी वर्षं रजिस्टरमध्ये लिहून देत होती.

पुढचं भरभर सांगते. उथळ विहिरीत ऑक्टोबरपर्यंत नुसता तवंग, डिसेंबरात चार मिलिमीटर, आणि मार्चमध्ये जुन्या पी-५ मध्ये पुन्हा सलग सूर. बेसमेंट दोनाचं एक झालं. टाकीभोवतीची माती खणून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला गेली, पूर्व कडेला चर खणून तेल वरच्या वर ओढून घ्यायचं काम दोन उन्हाळे चाललं. त्यात दर आठवड्याला लिटर मोजून लिहिण्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

टाकी काढली एप्रिलमध्ये. काँक्रीट फोडलं, जेसीबीने वरची माती बाजूला केली. आत पंपाने ओढता येईल तो गाळ ओढला, मग कोरडा बर्फ टाकून आतली हवा घालवली, कारण अशा टाकीत तेलापेक्षा वाफ वाईट. दर दहा मिनिटांनी गॅस मोजत होतो, फोमचे सिलिंडर हाताशी. दहा हजार लिटरची टाकी. हायड्रा क्रेनने पट्टे लावून उचलली आणि लाकडी स्लीपरवर ठेवली. अंगावर गंजाचे पोपडे होते, पण बाजू शाबूत, वेल्डिंगचे सांधे शाबूत. मला वाटलं होतं चाळणी झालेली असेल. सरांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन: "डिपच्या पाइपाखाली बघ. रॉड रोज त्याच जागी आपटतो. गंजाचा थर धरला की खरवडला जातो, उघडं लोखंड पुन्हा गंजतं. म्हणून आता तिथे जाड प्लेट मारतात."

काका आले होते, बोलावलं नव्हतं तरी. त्यांनी मिस्त्रींकडून बांबूची एक काठी मागून घेतली आणि लोखंडी शिडीवर दोन पायऱ्या चढून डिपच्या पाइपातून आत सोडली. मी खाली वाकून बघत होते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कडा पातळ झालेलं भोक. काठी त्यातून सरळ बाहेर आली आणि मातीला टेकली.

"किती?" काकांनी वरून विचारलं.

मी काही बोलले नाही. फोटो काढला, पाटीवर तारीख घातली आणि खड्ड्याच्या तळातली माती भरायला बरण्या उघडल्या.